दुष्काळाच्या मुलखातला पूर

मराठवाड्यासाठी आजवर जे काही आखलं गेलं, ते पाणी नसेल तेव्हा काय करायचं याचं. १९७२च्या दुष्काळात कामं निघाली, पुढे टँकर आले, चारा छावण्या आल्या, २०१६च्या एप्रिलमध्ये तर मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी परतीच्या पावसात लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण भरलं. तरीही पाणी जास्त झालं तर काय, हा प्रश्न मागेच राहिला.

हैदराबाद संस्थानाला या प्रश्नाचा तडाखा फार आधी बसला होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीनं हैदराबाद शहर बुडवलं, हजारो माणसं गेली. निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि पुढे उस्मानसागर, हिमायतसागर ही धरणं उभी राहिली. मराठवाडा त्याच राज्यात होता, पण ती व्यवस्था राजधानीपुरती होती.

गंगाथडीचं, म्हणजे गोदावरीकाठचं जगणं खरं पालटलं ते पैठणच्या जायकवाडी धरणामुळे. १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. धरण बांधलं ते शेतीसाठी, तहानेसाठी. कोरडा पडलेला नाथसागर, म्हणजे या धरणाचा जलाशय, ज्यांनी पाहिलाय, त्यांना तो सप्टेंबरपर्यंत काठोकाठ भरलेलाच हवा असतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण भरलेल्या धरणात नाशिक-नगरकडून लोंढा आला, की दरवाजे उघडण्यावाचून इलाज उरत नाही. ऑगस्ट २००६मध्ये सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सोडलं गेलं आणि पैठण शहरात पाणी शिरलं. खाली नांदेडपर्यंत त्याची झळ पोहोचली. सप्टेंबर २०२५च्या अखेरीस विसर्ग सुमारे ३ लाख क्युसेकवर गेला, पैठणमधल्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली.

मोठ्या नदीचा पूर निदान सांगून येतो. गोदावरीपासून दूर, सीनाकाठी परंडा, भूम भागात त्याच सप्टेंबरात गावंच्या गावं वेढली गेली, माणसांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीनं वाढल्याचं हवामान अभ्यासकांनी २०१७मध्येच दाखवून दिलं होतं. दुष्काळ संपला नाही. त्याच तालुक्यांत आता दोन्ही येतं.

सर्वांत जास्त जिव्हारी लागते ती मुखेड तालुक्यातल्या हसनाळची गोष्ट. महाराष्ट्र आणि तेलंगणाचा लेंडी प्रकल्प दशकानुदशकं रेंगाळला होता. धरणात पाणी अडवलं गेलं तेव्हा गावाचं पुनर्वसन पुरतं झालेलं नव्हतं. ऑगस्ट २०२५मध्ये मोठा पाऊस झाला, रात्रीतून पाणी गावात शिरलं आणि माणसं दगावली. या मृत्यूंचं कारण एकट्या पावसावर ढकलणं मला मान्य नाही.

जगाचं चित्रही असंच आहे. शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या मोठ्या पुराच्या टप्प्यात सुमारे १८१ कोटी लोक राहतात, म्हणजे जवळपास चौघांतला एक, असा अंदाज २०२२च्या एका जागतिक अभ्यासानं मांडला. त्यातले ८९ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत. नेदरलँड्समध्ये १९५३च्या पुरात १,८३६ माणसं गेली, नंतर त्या देशानं समुद्र अडवायला अवाढव्य बांधकामं केली. बांगलादेशाकडे तेवढा पैसा नव्हता. १९७०च्या चक्रीवादळात तिथं तीन लाखांहून जास्त लोक मेले. त्यांनी गावोगावी स्वयंसेवक तयार केले, निवारे बांधले, इशारा घराघरांत पोहोचवला. मृत्यू खरोखरच घटले.

आपल्याकडे पूर ओसरला की पंचनामे सुरू होतात. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलेलं असतं, ओढ्याकाठची काळी माती खडकापर्यंत खरडून गेलेली असते. पिकाची मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जमा होते. बटईनं शेत करणाऱ्याचं नाव तिथं नसतं, आणि काढणीच्या रोजावर दिवाळी करणाऱ्या मजूर बाईचंही नसतं.