पोर राखायचं कुणी?

कापूस वेचायला किंवा खुरपायला निघालेल्या बाईला रोज किती मिळणार, हे शेतमालक सांगतो. त्याआधी तिला एक गोष्ट स्वतःच ठरवून टाकावी लागते: पोर कुणापाशी ठेवायचं? सासू घरी असेल आणि तिचे गुडघे धड असतील तर ठीक. नसेल तर थोरली मुलगी शाळा बुडवून घरी राहते, नाहीतर तान्हं कडेवर घेऊन बाई बांधावर येते. गावाकडच्या आईपणावर मायेचं आणि त्यागाचं पुष्कळ लिहून झालं आहे. पण तिचा दिवस चांगला जातो की वाईट, हे बऱ्याचदा या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. गेल्या शंभरेक वर्षांत महाराष्ट्रात या प्रश्नाला बरीच उत्तरं दिली गेली. काही घराने दिली, काही गावाने, काही सरकारने. पुरं पडलं असं एकही नाही.

सगळ्यात जुनं उत्तर झोळीचं. जुन्या लुगड्याचा जाड पदर बाभळीच्या किंवा कडुलिंबाच्या आडव्या फांदीला बांधायचा, झाड नसेल तर तीन दांड्यांची घोडी उभी करायची. तोंड आत झाकलेलं राहील पण वारा लागेल, अशा बेताने कापड ताणायचं. एक लांब दोर झोळीला बांधून दुसरं टोक चार-पाच वर्षांच्या भावंडाच्या हातात द्यायचं. आई पाथ धरून पुढे सरकत राहते, रडणं वाढलं की ओळीच्या टोकाला पोचल्यावर येऊन पाजते. मुंगळे येऊ नयेत म्हणून झोळी जमिनीपासून उंच, आणि पडलं तर लागू नये म्हणून फार उंचही नाही. हे माप कुणी शिकवत नाही, बघून बघून येतं.

एकत्र कुटुंबात पोरं आपोआप वाढायची, असं आपण सहज म्हणून टाकतो. ते अर्धंच खरं आहे. ज्या घराला जमीन होती, दोन-तीन जावा होत्या आणि म्हातारी ओसरीवर बसून शेंगा फोडू शकत होती, तिथे ते खरं. पहिलटकरीण माहेरी जायची, सव्वा महिना बाजेवर शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, मग बारसं आणि बाळंतविडा घेऊन सासरी परत. तिथे मूल या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राहायचं. भूमिहीनाच्या घरात आजीही मजुरीला जायची. तिथे बाळंतीण सव्वा महिना निजली तर चूल कशी पेटणार? त्यामुळे जुन्या काळच्या आयांना मदत जास्त होती, असं सरसकट म्हणायला माझं मन धजत नाही. काहींना होती.

दुसरं उत्तर थोरली बहीण. सहा-सात वर्षांची पोर, कमरेला तिरपी होऊन कडेवर भाऊ धरलेली. हे दृश्य इतकं सवयीचं आहे की त्यात कुणाचं काही जातंय हे लक्षातच येत नाही. जाते ती तिची शाळा. मुलींच्या गळतीची चर्चा गरिबी, अंतर, वयात येणं यांवर होते. घरातलं धाकटं भावंड हे कारण त्यात उशिरा आलं. ज्या दोन बायकांनी ते वेळेवर ओळखलं त्यांच्याकडे पुढे येतोच.

त्याआधी थोडं मुंबईला जायला हवं, कारण कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी आया गिरणीत कामाला लागल्या होत्या. खेड्यात झाड तरी होतं, चाळीच्या खोलीत तेही नव्हतं. मूल दिवसभर गप्प राहावं म्हणून त्याला अफूची बारीक गोळी चारली जायची. सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्स या बाईंनी 1922 च्या सुमाराला गिरणीतल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या बहुतेक सगळ्या तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचं आढळलं. या आयांना निर्दय म्हणणारे तेव्हाही होते. पाळण्याशेजारी बसायला कोणी नसताना त्यांनी काय करावं, याचं उत्तर त्या टीकाकारांकडे नव्हतं.

त्या पाहणीनंतर बाळंतपणाच्या पगारी रजेची मागणी जोर धरू लागली. 1928 साली मुंबई विधिमंडळात हे विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 साली मुंबई प्रांताने कायदा केला. देशातला तो अशा प्रकारचा पहिला. पण तो कारखान्यातल्या बायकांपुरता होता. शेतात राबणारी त्यात नव्हती. 1961 च्या केंद्रीय कायद्यातही ती नव्हती आणि 2017 मध्ये रजा सव्वीस आठवड्यांची झाली तेव्हाही ती बाहेरच राहिली. त्याच वर्षी मातृवंदना योजना आली आणि पहिल्या बाळंतपणाला 5000 रुपये मिळू लागले. तेवढ्यावर किती दिवस घरी बसता येतं, याचा हिशोब वाचकाने स्वतःच करावा.

आता त्या दोघी. ताराबाई मोडक या शिक्षणतज्ज्ञ. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला त्यांनी माँटेसरी पद्धतीची बालशाळा चालवली होती आणि नंतर दादरला शिशुविहार उभं केलं होतं. शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांसाठी सगळं नीट चाललेलं असताना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, 1945 साली, त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. त्यांच्याबरोबर गेलेल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य वाट्याला आलेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. अनुताईंनी 1992 मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत हे काम सोडलं नाही.

बोर्डीत त्यांना पहिला धडा हा मिळाला की बालवाडी उघडली म्हणून मुलं येत नाहीत. आई पहाटे कामाला गेलेली. मुलाला उठवून, तोंड धुऊन, हाताला धरून आणणार कोण? तेव्हा शाळाच वस्तीत गेली. कुणाच्या तरी अंगणात बसायचं, आधी मुलांची नाकं पुसायची, नखं कापायची, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. अंगणवाडी ही कल्पना इथली. परदेशी लाकडी साधनांची ऐपत नव्हती म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं-फुलं हीच साधनं झाली. माँटेसरीचा असा गावठी अवतार काही शहरी मंडळींना रुचला नसेल, पण तो टिकला.

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे प्रश्न आणखी उघडा पडला. मुलगे गुरं राखायला जात. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. गुरं चरताहेत आणि झाडाखाली वर्ग चालला आहे, ही कुरणशाळा. मुलींचं काय? त्या घरी धाकटी भावंडं राखत बसलेल्या. त्यासाठी ताराबाईंनी जी रचना केली ती मला त्यांच्या सगळ्या कामात अधिक मोलाची वाटते. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मोठीने धाकट्याला घेऊनच यायचं, त्याला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि आपण वर्गात बसायचं. हिलाच विकासवाडी म्हणत. मुलीला शाळेत आणायचं तर तिच्या कडेवरचं मूल आधी उतरवून घ्यायला हवं, हे इतकं साधं होतं. सरकारी शाळांच्या आराखड्यात ते आजही नाही.

1972 चा दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या तोंडी आजही लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळी कामांवर मिळणारं कोरडं खाणं) येते. खडी फोडण्याच्या, पाझर तलावाच्या, रस्त्याच्या कामांवर लाखो माणसं होती आणि त्यात बायका मोठ्या संख्येने. त्या आल्या म्हणजे पोरंही आली. खडीच्या ढिगाशेजारी, उन्हात, टोपल्याच्या सावलीत झोपवलेली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात साठच्या दशकातच आजमावून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना दुष्काळात राज्यभर लागू झाली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 1979 पासून तो अमलात आला. कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली आणि लहान मुलांच्या सांभाळाची सोय असली पाहिजे, हे नियमांत आलं. कागदावर का होईना, मजुराला पोर असतं हे सरकारने मान्य केलं होतं. प्रत्यक्षात ही सोय कामागणिक बदलायची. कुठे गोणपाटाचं छप्पर आणि एक म्हातारी, कुठे तेही नाही.

दरम्यान 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना बोर्डीतलंच अंगणवाडी हे नाव मिळालं. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. लसीकरण, वजन, पूरक आहार, गरोदर बाईची नोंद, सगळं तिथे होतं. खेड्यातल्या आईला सरकार म्हणून ओळखीचा चेहरा असेल तर तो सेविकाताईंचा. पण मूळ प्रश्नाला अंगणवाडीने वळसा घातला. ती चालते सकाळचे काही तास, आणि बसायला येतात तीन ते सहा वर्षांची मुलं. मजूर बाईचा दिवस मात्र संध्याकाळपर्यंत. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा शिधा मिळतो, सांभाळ नाही. म्हणजे ज्या वयात मूल एक मिनिटही एकटं सोडता येत नाही, नेमकं तेच वय झोळीच्या आणि थोरल्या बहिणीच्या हवाली राहिलं.

याचं उघडंनागडं रूप पाहायचं तर ऊसतोडीच्या फडावर जावं. बीडसह मराठवाड्यातून आणि नगर जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हिशोब कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. बाई बसली तर कोयता मोडला, खाडा लागला. म्हणून बाळंतीणही फडात उतरते. रात्रीच्या अंधारात कोपीतून, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतून, निघायचं, तान्हं पाचटावर निजवायचं. वाहनांची ये-जा, साप, कॅनॉल सगळं जवळच. मोठी मुलं गावी आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायचं तर सांभाळायचं कुणी, या धास्तीने तिचं लग्न लवकर उरकलं जातं. वीस ते चोवीस वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात 21.9 टक्के होतं. बीडमध्ये ते याच्या जवळपास दुप्पट आहे. त्याचं खापर अडाणीपणावर फोडणं सोपं आहे. राखणीचा प्रश्न तिथे थेट सोयरिकीपर्यंत पोचलेला असतो, हे पाहायला थोडं थांबावं लागतं.

गावात मूल राखण्याचं काम आज जिच्यावर आहे ती सेविका सरकारच्या लेखी नोकरदार नाही. तिला पगार नसतो, मानधन असतं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं म्हटलं. त्यानंतरही 2023 च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस बेमुदत संपावर गेल्या आणि जानेवारी सरत येईपर्यंत राज्यभरातल्या अंगणवाड्यांना कुलूप राहिलं. तेवढ्या दिवसांत किती बायकांना मजुरी सोडून घरी बसावं लागलं, याची मोजदाद कुणी केल्याचं दिसत नाही.

अलीकडे अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवण्याची पाळणा योजना आली आहे. दिवसभर मूल ठेवता येईल, सहा महिन्यांपासून घेता येईल, अशी तिची आखणी. त्याआधी 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात एक कलम होतं. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं आली तर मजुरांपैकी एका बाईला त्यांच्याकडे बघायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. माती टाकणारीचा आणि पोरं राखणारीचा रोज सारखा. हजेरीपत्रकावर अशी नोंद व्हायची ती फार थोड्या ठिकाणी. बहुतेक कामांवर आयाच चिमुरड्यांना ढिगाच्या आडोशाला बसवून, त्यातल्याच एखाद्या सात-आठ वर्षांच्या मुलीला "बघ गं जरा" म्हणून पाटी उचलायच्या.