तरंगित कडा

तरंगित कडा : पान, अळंबीची छत्री, शिंपला किंवा प्राण्याच्या अंगाची झालर यांची कड सरळ न जाता लाटेसारखी वळत गेली, तर निसर्ग-अभ्यासक तिला तरंगित म्हणतात. दंतुर किंवा करवती कडेला टोके असतात. तरंगित कडेला फक्त वळणे.

या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात आणि वर्णनांतला बराच घोळ तिथूनच सुरू होतो. एका प्रकारात पान टेबलावर सपाट बसते, पण त्याची बाह्यरेषा नागमोडी असते. ही वळणे उथळ असली तर शास्त्रीय परिभाषेत ‘रिपँड’, खोल असली तर ‘सिन्युएट’. दुसऱ्या प्रकारात कड पानाची पातळी सोडून वर-खाली होते. हे ‘अंड्युलेट’, लाट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले. सोसायटीच्या कुंपणालगत उंच वाढणारा, सर्रास अशोक म्हणवला जाणारा वृक्ष (खरा सीताअशोक वेगळाच) हे याचे घरोघरचे उदाहरण. त्याचे पान कागदात दाबून वाळवले की लाटा चपट्या होतात किंवा त्यांच्या घड्या पडतात. त्यामुळे केवळ वाळक्या नमुन्यावरून कडेचे वर्णन लिहिणे धोक्याचे. ते पान तोडतानाच टिपून ठेवावे.

लाटा का पडतात, हे शिंप्याला विचारावे. झालर लावताना तो आखूड कडेला लांब पट्टी जोडतो आणि जास्तीचे कापड चुण्यांत जाते. पानाची कड मधल्या भागापेक्षा जास्त वाढली की तेच घडते. प्लॅस्टिकचा पातळ कागद फाडला तर फाटताना ताणलेली कड अशीच लहरते, मोठ्या लाटेवर लहान लाट. भौतिकशास्त्रज्ञ एरन शॅरॉन व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये हे मांडले. पुढच्याच वर्षी उत्पल नाथ, एन्रिको कोएन आदी वनस्पती-संशोधकांनी अँटिऱ्हिनम या बागेतल्या फुलझाडात याची जनुकीय बाजू दाखवली : ‘सिनसिनाटा’ जनुक बिघडले की कडेजवळच्या पेशींची वाढ वेळेवर थांबत नाही आणि सपाट पान चुणीदार होते. परिस्थितीचाही हात असतो. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील नेरिओसिस्टिस या समुद्री शैवालाची पाती संथ पाण्यात रुंद व झालरदार, तर वेगवान प्रवाहात अरुंद व सपाट होतात.

अळंब्यांत वय पाहावे लागते. कोवळेपणी गोल, सरळ कडेची छत्री जून झाल्यावर अनेकदा लहरी होते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये वर्णिलेल्या ‘हिड्नम रिपँडम’ या अळंबीचे नावच या कडेवरून आहे.

प्राण्यांत आधी ठरवावे, की लाट आकाराची आहे की हालचालीची. लक्षद्वीपच्या प्रवाळांत आढळणाऱ्या ट्रायडॅक्ना शिंपल्याची कड कायमची लहरी असते. त्याच्या दोन शिंपा एकमेकींच्या खाचांत बसतात. कटलफिश या माकूळसारख्या समुद्री प्राण्याच्या परांवरून मात्र लाटा धावतात त्या पोहताना. बाजारातल्या टोपलीत त्या शोधून सापडणार नाहीत.

नावावर विसंबूनही चालत नाही. पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या बजरीगार या छोट्या पोपटाचे शास्त्रीय नाव ‘मेलोप्सिटॅकस अंड्युलेटस’. पण त्यातली लाट कुठल्याही कडेची नाही, डोक्या-पाठीवरच्या काळ्या पट्ट्यांची आहे.