घाटातला ब्रेक (सायकलिंग)

लांबच्या किंवा चढाच्या राईडमध्ये मधेमधे थांबून दम खायचा, पाणी प्यायचं, पोटात काहीतरी टाकायचं, याला सायकलवाले ब्रेक नाहीतर हॉल्ट म्हणतात. पुणे-सातारा पट्ट्यात हा ब्रेक बहुतेक चहाच्या टपरीवर किंवा रसवंतीवर होतो.

थांबायची गरज का पडते? स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा जोरात पॅडल मारलं तर साधारण दीड-दोन तासात संपत येतो आणि मग पाय एकदम हातच वर करतात. त्यामुळे भूक लागायची वाट न बघता तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज पोटात जायला हवेत, म्हणजे एक-दोन केळी किंवा केळं आणि थोडी चिक्की, आणि घाम बघून पाणी, उन्हात त्यात चिमूटभर मीठ. मिसळ मात्र राईड संपल्यावरच, चढाच्या आधी तर्री मारून निघालेला माणूस पहिल्या वळणावरच ओळखू येतो.

वाई ते पाचगणीच्या पसरणी घाटासारख्या चढाला पायथ्याशी पाच मिनिटं थांबून बाटल्या भरून घेतलेल्या बऱ्या, वर पोचल्यावर मोठा ब्रेक घ्या. मधे थांबूच नये असं काही नाही पण उभ्या चढावर परत सुरुवात करणं, त्यात क्लीट (बुटाच्या तळाची पॅडलमध्ये अडकणारी खाच) लावणं, जाम अवघड, म्हणून जरा सपाट तुकडा आणि मागच्या ट्रकवाल्याला लांबून दिसेल अशी जागा बघायची, वळणावर तर अजिबात नाही. थांबल्या थांबल्या मटकन बसूही नये, पायात रक्त साचून चक्कर येऊ शकते, दोन मिनिटं चालायचं. पंधरा-वीस मिनिटांच्या वर बसलात की अंग थंड पडतं आणि पुढचे दोन किलोमीटर पाय दगड झालेले असतात.

बीआरएम म्हणजे ब्रेव्हे, ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, त्यात ब्रेकचा हिशोबच वेगळा कारण घड्याळ थांबतच नाही. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, चालती सायकल ताशी २० ने गेली तर दहा तास त्यातच गेले, उरलेल्या साडेतीन तासात जेवण, पंक्चर, सिग्नल, कंट्रोल पॉइंटवर म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी कार्डावर शिक्का, सगळं बसवायचं. लोक चढावर मरमर करून दहा मिनिटं वाचवतात आणि ढाब्यावर गप्पांत पाऊण तास घालवतात! ६०० किमीला ४० तास असतात, तिथे रात्री ढाब्याच्या खाटेवर दोनेक तास पाठ टेकवणारे बरेच असतात.

उतारावरचा हॉल्ट लोक विसरतातच. वर घामाने भिजलेल्या जर्सीवर वारा लागून हुडहुडी भरते त्यामुळे विंडचीटर निघायच्या आधीच चढवायचा. रिम ब्रेकची (चाकाच्या कडेवर रबर घासून थांबणारी) सायकल असेल तर सतत ब्रेक दाबून रिम तापते, कधी ट्यूबही फुटते, म्हणून लांब उतारावर मधे थांबून रिम गार होऊ द्यायची आणि बधिर झालेली बोटं सैल सोडायची, फक्त थांबल्यावर लगेच रिमला हात लावू नका, चटका बसतो.