पॉलिप कुठल्या खात्यात? एन८४ कोडमागची गोष्ट

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'एंडोमेट्रियल पॉलिप' (गर्भाशयाच्या अस्तरातून लोंबणारी वाढ) असतं, डिस्चार्ज कार्डवर घाईत लिहिलेलं नुसतं 'पॉलिप', आणि बाई घरी सांगते, 'पिशवीत मास वाढलं होतं, ते काढलं.' मेडिक्लेमच्या अर्जात हॉस्पिटलने भरायचा जो ब भाग असतो, त्यात आयसीडी-१० कोडसाठी, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतल्या कोडसाठी, चौकटी असतात. तिथे पोचेपर्यंत या सगळ्याचं 'एन८४.०' झालेलं असतं. पॉलिप नेमका कुठे होता हे कार्डवर नसेल, तर एन८४.९, म्हणजे 'स्त्री जननमार्गातला पॉलिप, जागा नमूद नाही'. आणि 'गाठ' एवढंच लिहिलं असेल तर पंचाईतच. गाठ म्हणजे फायब्रॉइडही (गर्भाशयाच्या स्नायूची गाठ) असू शकतो, आणि त्याचं घर वेगळं, डी२५.

एन८४ चा घोळ समजून घ्यायचा तर एका जुन्या भांडणापर्यंत मागे जावं लागतं. आजार मांडायचे कसे: शरीरातल्या जागेप्रमाणे, की आजाराच्या जातीप्रमाणे?

पॉलिप हा शब्दच मुळात दिसण्यावरून आला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'पुष्कळ पायांचा', म्हणजे ऑक्टोपस. आणि तो आधी चिकटला नाकातल्या वाढीला. आपल्याकडे सुश्रुताने योनीत उगवणाऱ्या मऊ, रक्त आणि बुळबुळीत स्राव पाझरणाऱ्या, छत्रीसारख्या अंकुरांचं वर्णन केलंय. त्यांना बसवलंय मात्र अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या पंगतीत. त्या अंकुरांना आजच्या भाषेत सरसकट पॉलिप म्हणणं धाडसाचं होईल. पण 'हे कुणाच्या शेजारी बसवायचं' हा प्रश्न तिथेही आहेच.

१८५३ मध्ये ब्रसेल्सला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. मृत्यूच्या कारणांची सगळ्या देशांना चालेल अशी एक यादी करा, असं तिने दोघांना सांगितलं: लंडनच्या जनरल रजिस्टर ऑफिसमधले विल्यम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन. दोन वर्षांनी पॅरिसच्या परिषदेत दोघांनी दोन वेगळ्या याद्या ठेवल्या. फारांनी साथीचे रोग, सर्व शरीराला ग्रासणारे रोग, मग अवयवागणिक रोग अशी विभागणी केली होती. देस्पिन यांनी रोगाच्या प्रकृतीवरून गट पाडले होते, संधिवाताचे, रक्ताचे वगैरे. परिषदेने तडजोड करून १३९ नोंदींची यादी मंजूर केली. समितीत तडजोड झाली की वाद मिटत नाही, कागदावर गोठून राहतो. इथेही तेच झालं.

१८९३ मध्ये शिकागोत जी यादी स्वीकारली गेली ती पॅरिस शहराच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख जाक बर्तियाँ यांची. तिचा पाया फारांच्याच अवयववार पद्धतीचा. (यांचे धाकटे भाऊ अल्फाँस पॅरिसच्या पोलिसांसाठी गुन्हेगारांच्या शरीराची मापं घेऊन त्यांची ओळख पटवायचे. एक भाऊ मेलेल्यांची वर्गवारी करणारा, दुसरा चोरांची!)

या यादीत पॉलिपला जागा असण्याचं कारणच नव्हतं. यादी मरणाची होती, आणि पॉलिपने सहसा कोणी मरत नाही. १८६९ मध्ये इटालियन डॉक्टर पँटालिओनी यांनी पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या साठ वर्षांच्या बाईच्या गर्भाशयात दुर्बिणीची नळी घालून पाहिलं. आत पॉलिपसारखी वाढ दिसली, ती त्यांनी सिल्व्हर नायट्रेटने जाळली. हिस्टेरोस्कोपीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या दुर्बीण-तपासणीच्या, इतिहासाची सुरुवात इथूनच सांगतात. म्हणजे दुर्बिणीला जे पहिल्याच फटक्यात दिसलं, ते आकडेवारीला पुढची कित्येक दशकं दिसलं नाही.

चित्र बदललं १९४८ मध्ये. नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने ही यादी, म्हणजे आजची आयसीडी, हातात घेतली आणि सहाव्या आवृत्तीत मृत्यूच्या कारणांबरोबर आजारपणही मोजायचं ठरलं. न मारणाऱ्या, पण बायकांना महिनोन्महिने अंगावर काढाव्या लागणाऱ्या दुखण्यांना आता खातं मिळणार होतं.

नवव्या आवृत्तीत पॉलिप चार घरी विखुरलेला दिसतो. गर्भाशयाच्या पोकळीतला ६२१.०, गर्भाशयमुखाचा ६२२.७, योनिमार्गाचा ६२३.७, बाहेरच्या भागाचा ६२४.६. प्रत्येक अवयवाच्या यादीत एक ओळ. विल्यम फार हे पाहते तर खूश झाले असते. मे १९९० मध्ये मंजूर झालेल्या आणि १९९४ पासून वापरात आलेल्या दहाव्या आवृत्तीने ही चारही भावंडं एका छपराखाली आणली, एन८४. टिंबापुढचा आकडा जागा सांगतो: ० पोकळी, १ गर्भाशयमुख, २ योनिमार्ग, ३ बाहेरचा भाग, ८ इतर, ९ अनिर्दिष्ट. आडनाव जातीचं, नाव जागेचं.

पण जातीचा प्रश्न पुरता सुटला नाही. एन८४ खाली एक टीप आहे: अॅडिनोमेटस (ग्रंथीच्या पेशींची गाठ असलेला) पॉलिप इथे धरू नये, डी२८ पाहा. तो साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, गाठींसोबत निओप्लाझमच्या प्रकरणात गेला. टीप मानून डी२८ उघडा, तर तिथे बाह्य भाग, योनिमार्ग, गर्भनलिका यांना नावानिशी जागा आहे आणि गर्भाशयाला नाही! गर्भाशयाच्या साध्या गाठी आहेत दोन घरं अलीकडे: गर्भाशयमुखाच्या डी२६.० मध्ये, पोकळीच्या डी२६.१ मध्ये. नववी आवृत्ती गर्भाशयमुखाच्या पॉलिपखाली थेट २१९.० असा नेमका पत्ता देत होती. चार घरं एक करताना टीपही एकच ठेवली, आणि पत्ता ढिला झाला. नवा कोडर (केसपेपर वाचून कोड टाकणारा) इथे हमखास अडखळतो. जुना टिपेवर न थांबता गाठींच्या तक्त्यात जागा शोधतो.

व्यवहारातली अडचण याहून साधी आहे. जात ठरवतं पॅथॉलॉजी, आणि हिस्टोपॅथचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा, रिपोर्ट येईपर्यंत पेशंट घरी गेलेली असते, कागद पुढे सरकलेले असतात. दुर्बिणीतून जागा लगेच दिसते, जात दिसत नाही. त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशी पडलेला एन८४.० कधी कधी रिपोर्ट आल्यावर बदलावा लागतो, आणि तो बदलायची आठवण प्रत्येक वेळी होतेच असं नाही.

अमेरिकेने दहावी आवृत्ती आपल्या विस्तारित रूपात आणली ती १ ऑक्टोबर २०१५ ला, २०१३ ची मुदत दोनदा पुढे ढकलून. तिथल्या केसपेपरांचं कोडिंग भारतातही होतं, त्यामुळे ६२१.० पाठ असलेल्या इथल्या मुलामुलींनाही एन८४.० नव्याने घोकावा लागला.

मे २०१९ मध्ये मंजूर झालेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेली अकरावी आवृत्ती मुळात संगणकासाठी बांधली आहे. तिच्या पायाभूत साठ्यात एकाच आजाराला दोन आईबाप असू शकतात, अवयवाच्या बाजूने एक आणि जातीच्या बाजूने एक. फार आणि देस्पिन तिथे शेजारी नांदतात. आकडेवारीसाठी यादी काढायची वेळ आली, की मात्र त्यातला एकच ठेवावा लागतो, नाहीतर तीच बाई दोनदा मोजली जाते.