नाशिकच्या गच्चीवरचे ऋतू

बालवाडीच्या भिंतीवर ऋतूंचा तक्ता हमखास असतो. हिवाळ्याच्या चौकटीत बर्फाचा माणूस, पानगळीत लाल-केशरी पानांचा सडा. नाशिकच्या मुलानं यातलं काहीच पाहिलेलं नसतं, त्यामुळे ऋतू ही त्याच्यासाठी पाठ करायची गोष्ट होऊन बसते. त्यापेक्षा तक्ता राहू द्या, खडू घ्या आणि मुलाला घेऊन गच्चीवर जा.

वेळ मात्र घड्याळातल्या बाराची नको. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून इथं सूर्य डोक्यावर यायला साधारण साडेबारा होतात. २२ डिसेंबरला या वेळी मुलाला उभं करून सावलीच्या टोकावर खूण करा. एक मीटर उंचीच्या, म्हणजे साधारण चार वर्षांच्या मुलाची सावली ९५ सेंटीमीटर भरते, जवळजवळ त्याच्याएवढीच! २१ मार्चला तीच सावली ३६ सेंटीमीटरवर येते आणि २० मेच्या आसपास चक्क पायाखाली गडप होते. हा आपला शून्य सावली दिवस. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यानं तो वर्षातून दोनदा येतो. दुसरा जुलैच्या २३-२४ तारखेला, पण तेव्हा ढगांपुढे काही चालत नाही. मधल्या दोन महिन्यांत सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून दुपारची सावली दक्षिणेला पडते. ऊन मिळालं तर जूनमध्ये हे जरूर दाखवा. पोरं खूश होतात. आणि हो, मूल वर्षभरात उंच होतं, तेव्हा शेजारी झाडूचा दांडाही उभा करावा. तो वाढत नाही.

लांब सावली म्हणजे तिरपं ऊन, आणि तिरपं ऊन म्हणजे थंडी. रात्री दिवे घालवून बॅटरीचा झोत फरशीवर सरळ पाडा, मग तिरपा करा. गोल पसरून लंबगोल होतो आणि फिका पडतो. तेवढाच उजेड जास्त जागेत वाटला जातो. हिवाळ्यात उन्हाचं नेमकं हेच होतं, शिवाय नाशिकचा दिवसही अकरा तासांपेक्षा थोडा लहान असतो. जूनमध्ये तो सव्वातेरा तासांच्या पुढे जातो. थंडीत सूर्य लांब जातो, असं पुष्कळ मोठी माणसंही सांगतात. प्रत्यक्षात निफाडचा पारा एक आकडी होतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्याच जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. जुलैत ती ५० लाख किलोमीटर आणखी दूर असते. ऋतू घडवतो तो पृथ्वीच्या आसाचा साडेतेवीस अंशांचा कल.

संक्रांतीला तीळगूळ देताना ‘आजपासून दिवस तिळातिळानं वाढणार’ असं आजी सांगते. दिवस खरं तर २२ डिसेंबरपासूनच वाढू लागलेला असतो. सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस जवळपास एकच होते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, म्हणून साधारण ७२ वर्षांत एक दिवस या गतीनं संक्रांत पुढे सरकत आली. तरी ‘मग शाळेला जाताना अजून अंधार का?’ असं मुलानं विचारलं, तर त्याची तक्रार रास्त आहे. संक्रांतीला सूर्य डिसेंबरातल्यापेक्षा सात-आठ मिनिटं उशिराच उगवतो. वाढ सगळी संध्याकाळच्या खात्यात जमा होते. खेळायला जास्त वेळ, हे त्याला लगेच पटतं.

पानगळीचंही तसंच. थंड देशांत झाडं हिवाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात. त्र्यंबक-हरसूलकडच्या डोंगरांत ती गळतात थंडी सरता सरता, कारण जमिनीतलं पाणी आटत चाललेलं असतं आणि पानांतून ते उडून जाणं परवडत नाही. त्याच ओक्याबोक्या फांद्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा, पळस फुलतात. रंगपंचमीच्या सुमाराला मुलांना तिकडे न्यावं.

पावसाळ्यात नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. घरच्या मोजणीला सरळ बाजूंची काचेची बरणी पुरते. ती उघड्यावर ठेवायची आणि रोज सकाळी पट्टी लावून पाणी बघायचं. एक मिलिमीटर म्हणजे गच्चीच्या दर चौरस मीटरवर एक लिटर. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कारण ढग सह्याद्री चढताना तिथंच रिते होतात. पूर्वेला येवल्यापर्यंत पोचेतो तो पाचशेच्या घरात येतो. नात्यातलं कुणी तिकडे असेल तर त्यांनाही एक बरणी ठेवायला सांगा, आणि रोज रात्री फोनवर मुलांनाच आकडे विचारू द्या.