फ्रागा इरिबार्ने, मान्युएल

(२३ नोव्हेंबर १९२२ – १५ जानेवारी २०१२). स्पेनमधील परंपरावादी राजकारणी, विधिज्ञ आणि गालिसिया या स्वायत्त प्रदेशाचे अध्यक्ष (१९९०–२००५). जन्म गालिसियातील लुगो प्रांतात विलाल्बा येथे. आईवडील पोटापाण्यासाठी क्यूबाला गेल्यामुळे बालपणाची काही वर्षे तेथे गेली. कायद्याच्या शिक्षणानंतर त्यांनी प्राध्यापकी केली. हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीत १९६२ ते १९६९ या काळात ते माहिती व पर्यटनमंत्री होते. १९६६ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रसिद्धीपूर्व तपासणी उठली, दंड व जप्तीची तरतूद मात्र राहिली. त्यामुळे या कायद्याला कितपत उदार म्हणावे याविषयी एकमत नाही. ‘स्पेन इज डिफरंट’ ही पर्यटनाची घोषणा त्यांच्या नावावर चढली असली, तरी ती त्यांच्याही आधीपासून भित्तिपत्रकांवर होती. १९७३ ते १९७५ या काळात ते लंडनला राजदूत होते.

फ्रांकोच्या मृत्यूनंतर डिसेंबर १९७५ मध्ये ते गृहमंत्री झाले. ३ मार्च १९७६ रोजी व्हितोरिया येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच कामगार मृत्युमुखी पडले. त्या दिवशी फ्रागा जर्मनीच्या दौऱ्यावर होते. खात्याची जबाबदारी मात्र त्यांची, आणि हा ठपका त्यांना अखेरपर्यंत पुसता आला नाही. ‘रस्ता माझा आहे’ हे त्याच वर्षीचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य त्यांनी पुढे नाकारले. १९७८ च्या संविधानाचा मसुदा तयार करणाऱ्या सातजणांत ते होते. स्पेनमधील ‘राष्ट्रीयतां’चा (स्वतःची वेगळी ओळख सांगणाऱ्या प्रदेशांचा) उल्लेख संविधानात येण्यास त्यांचा विरोध होता. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या आलियान्सा पोपुलार या पक्षाला १९७७ मध्ये केवळ १६ जागा मिळाल्या. १९८२ मध्ये मित्रपक्षासह हा आकडा १०७ वर गेला. सत्ता मात्र आली नाही. डिसेंबर १९८६ मध्ये त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडले. १९८९ मध्ये परत येऊन त्यांनी पक्षाची पार्तिदो पोपुलार या नावाने फेरउभारणी केली, राष्ट्रीय नेतृत्व होसे मारिया आस्नार यांच्या हाती जाईल अशी व्यवस्था केली आणि आपला मोर्चा गालिसियाकडे वळवला.

*प्रादेशिक कारकीर्द* : संविधानातील ‘राष्ट्रीयता’ या शब्दाला विरोध करणारा नेता दशकभरात प्रादेशिक अस्मितेचा पुरस्कर्ता कसा झाला, हा अभ्यासकांपुढचा मुख्य प्रश्न आहे. एका मतानुसार हे माद्रिदमध्ये दारे बंद झाल्यानंतरचे सोयीचे परिवर्तन होय. दुसऱ्या मतानुसार यात खंड कमी व सातत्य जास्त आहे : विरोध स्वायत्ततेला नसून सार्वभौमत्वाच्या दाव्याला होता, आणि प्रदेशाविषयीची जिव्हाळ्याची भाषा जुन्या स्पॅनिश परंपरावादालाही परकी नव्हती. उपलब्ध घटनाक्रम दुसऱ्या मताला अधिक पोषक दिसतो. गालिसियाच्या स्वायत्तता-संहितेवरील डिसेंबर १९८० च्या सार्वमतात मतदान तीस टक्क्यांनाही पोहोचले नव्हते. एवढ्या थंड वातावरणात झालेल्या १९८१ च्या पहिल्या प्रादेशिक निवडणुकीत फ्रागांच्या पक्षाने ‘तुझ्यासारखाच गालिसियन’ अशा आशयाची घोषणा गालिसियन भाषेत देऊन पहिला क्रमांक मिळवला व हेरार्दो फेर्नांदेस आल्बोर अध्यक्ष झाले. म्हणजे फ्रागा स्वतः प्रदेशात उतरण्याच्या आठ वर्षे आधीच ही वाट मळलेली होती. आल्बोर यांचे सरकार १९८७ मध्ये पक्षफुटीनंतर अविश्वास ठरावाने पडले.

१७ डिसेंबर १९८९ च्या निवडणुकीत पक्षाला ७५ पैकी ३८, म्हणजे बहुमताला पुरतील एवढ्याच जागा मिळाल्या. फेब्रुवारी १९९० मध्ये फ्रागांनी शुंताची (प्रादेशिक शासनाची) सूत्रे हाती घेतली. सांतियागो दे कोंपोस्तेला येथील कॅथीड्रलसमोरच्या चौकात गाइता हे पिशवीचे वाद्य वाजवणाऱ्यांचे मोठे ताफे शपथविधीला बोलावण्याचा त्यांचा प्रघात बराच गाजला. पुढे १९९३, १९९७ व २००१ मध्ये अनुक्रमे ४३, ४२ व ४१ जागा मिळाल्या. १९९३ च्या निवडणुकीपूर्वी जागावाटपासाठीची किमान मतांची अट तीनवरून पाच टक्के करण्यात आली, ही बाब या आकड्यांकडे पाहताना विसरता येत नाही.

१९९२ मध्ये त्यांनी ‘एकल प्रशासना’ची कल्पना मांडली : स्वायत्त प्रदेशात केंद्राचीही कामे प्रादेशिक शासनानेच करावीत व दुहेरी यंत्रणा संपवावी. त्यांच्या स्वतःच्या पक्षातही ती फारशी रुजली नाही. १९९३ च्या सांतियागो पुण्यवर्षानिमित्त झालेल्या ‘शाकोबेओ’ उपक्रमाने जुन्या यात्रामार्गाला पर्यटनाचे स्वरूप दिले. येथे माजी पर्यटनमंत्र्याचा हात स्पष्ट दिसतो. गाइआस टेकडीवरील ‘सिदादे दा कुल्तुरा’ हा पीटर आयझेनमन यांच्या आराखड्याचा संस्कृतिसंकुल प्रकल्प मात्र खर्चापायी वादग्रस्त ठरला आणि अर्धवटच राहिला.

सत्तेचा खरा पाया प्रांतिक परिषदांत होता. ओउरेन्सेत बाल्तार, लुगोत काचार्रो यांच्यासारखे प्रांतनेते रस्ते, नोकऱ्या व अनुदाने यांच्या साखळीतून मतदार बांधून ठेवीत. वृत्तपत्रांनी या गटाला ‘बोइना’ (गावठी टोपी) आणि माद्रिदशी जुळलेल्या, उच्चशिक्षित गटाला ‘बिर्रेते’ (पदवीदानाची टोपी) अशी नावे दिली. पहिल्या गटाचे प्रमुख शोसे कुइन्या हे फ्रागांचे वारस समजले जात. १३ नोव्हेंबर २००२ रोजी सुमारे ७७,००० टन जड इंधन तेल घेऊन जाणारे ‘प्रेस्तिज’ जहाज संकटात सापडले व १९ नोव्हेंबरला दुभंगून बुडाले. किनारा काळवंडला, ‘नुंका माइस’ (पुन्हा कधीच नको) हे आंदोलन उभे राहिले, आणि संकटकाळात अध्यक्ष शिकारीला गेले असल्याच्या बातम्यांनी फ्रागांची प्रतिमा डागाळली. जहाज समुद्रात दूर लोटण्याचा निर्णय केंद्राचा होता, हेही नोंदवले पाहिजे. सफाईच्या साहित्याच्या विक्रीशी कुटुंबाच्या कंपनीचे नाव जोडले गेल्यावर जानेवारी २००३ मध्ये कुइन्यांनी राजीनामा दिला, आणि दुसऱ्या गटातील आल्बेर्तो नुन्येस फेइहो यांचा मार्ग मोकळा झाला.

*२००५ ची निवडणूक व परदेशस्थ मते* : १९ जून २००५ च्या मतदानानंतर पक्षाकडे ३७ जागा होत्या; बहुमताला एक कमी. समाजवाद्यांना २५ व गालिसियन राष्ट्रवादी गटाला १३ मिळाल्या होत्या. परंतु पोंतेवेद्रा प्रांतातील शेवटची जागा परदेशातून टपालाने आलेल्या मतांवर पालटू शकत होती, त्यामुळे निकाल आठवडाभर लांबला. गालिसियातून अर्जेंटिना, उरुग्वे, क्यूबा, व्हेनेझुएला व नंतर स्वित्झर्लंड-जर्मनीकडे पिढ्यान्‌पिढ्या स्थलांतर झालेले. परदेशस्थ मतदार तीन लाखांहून अधिक, त्यांत गालिसियात कधी पाऊल न टाकलेले वंशजही होते. फ्रागांनी या वर्गाकडे सातत्याने लक्ष दिले होते. १९९१ मधील त्यांचा क्यूबा दौरा आणि १९९२ मध्ये फिदेल कास्त्रोंची वडिलांच्या लांकारा या गावाला भेट, हे विचारसरणीच्या दृष्टीने विजोड वाटणारे सख्यही याच नात्यातून समजते. या मतांत मृतांच्या नावे पडलेली मते असल्याचे आरोप वारंवार झाले. या वेळी मात्र ती जागा फिरली नाही आणि ऑगस्टमध्ये समाजवादी नेते एमिलियो पेरेस तोउरिन्यो अध्यक्ष झाले. पुढे २०११ मध्ये परदेशस्थांनी मतपत्रिका आधी अर्ज करून मागवावी अशी अट आली, त्यांचे मतदान एकदम घसरले, व २०२२ मध्ये ती अट रद्द झाली.

२००६ मध्ये फ्रागा सिनेटवर गेले व २०११ पर्यंत सदस्य राहिले. फेइहो यांनी २००९ मध्ये प्रदेशाची सत्ता परत मिळवली. फ्रागांचे निधन माद्रिदमध्ये झाले. दफन आ कोरुन्या प्रांतातील पेर्बेस येथे करण्यात आले.