तिसाव्या किलोमीटरनंतर पाय का अडतात?

मॅरेथॉन धावणारे ज्याला ‘वॉल लागली’ म्हणतात, ते बहुधा 30 ते 35 किलोमीटरच्या दरम्यान घडतं. धाप लागलेली नसते, तरी पाय उचलत नाहीत. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ वर्षानुवर्षं परतीच्या याच टप्प्यात यायचा, म्हणून सगळा दोष चढाच्या माथी बसायचा. खरी अडचण इंधनाची असते.

सपाटीवर धावताना वजनाच्या दर किलोमागे किलोमीटरला साधारण 1 किलोकॅलरी खर्च होते. 60 किलोच्या धावपटूला 42.195 किलोमीटरसाठी अडीच हजार लागतात. शरीरात साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, स्नायूंत सुमारे 400 ग्रॅम आणि यकृतात 100 ग्रॅम असतो. त्यातून मिळतात 2,000. चरबी मात्र सडपातळ माणसाकडेही काही किलो असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममध्ये 9 किलोकॅलरी असतात. मग तिच्यावरच का धावू नये? कारण तेवढीच ऊर्जा चरबीतून काढायला सुमारे 7 टक्के जास्त ऑक्सिजन लागतो आणि ती स्नायूंत हळू जळते. वेग वाढला की साखरेचा वाटा वाढतो. पहिले दहा किलोमीटर जोशात पळणाऱ्याची साखर म्हणूनच लवकर संपते.

हा साठा वाढवता येतो, हे 1966 साली स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायाने थकेपर्यंत पेडल मारलं, मग तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ली. सुईने मांडीच्या स्नायूचे तुकडे काढून तपासले, तर दमलेल्या पायातलं ग्लायकोजेन आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट झालं होतं. आहार एकच, पण साठा ज्या स्नायूने काम केलं त्याच्यातच वाढला.

दुसरा उपाय सरावाचा, आणि माझ्या मते जास्त मोलाचा. 1967 मध्ये जॉन होलोझी यांनी उंदरांना 12 आठवडे ट्रेडमिलवर पळवलं. त्यांच्या स्नायूंतली मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या पेशीतल्या सूक्ष्म भट्ट्यांची, क्षमता सुमारे दुप्पट झाली. माणसातही मायटोकॉन्ड्रिया आणि केशवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, आणि पूर्वीच्याच वेगाला चरबी जास्त, साखर कमी जळते. यासाठी आठवड्यातलं बहुतेक धावणं गप्पा मारता येतील इतक्या सावकाश वेगाने हवं. रोज मध्यम जोर लावणारे दमतात खूप, पण पुढे सरकत नाहीत.

कर्बोदकं तोडून ‘चरबीवर धावणारं’ शरीर घडवण्याची टूम मात्र शर्यतीसाठी फसवी आहे. ऑस्ट्रेलियातल्या लुईस बर्क यांच्या गटाने 2017 मध्ये वेगाने चालण्याच्या शर्यतीतल्या अव्वल चालपटूंवर हे तपासलं: चरबी खूप जळू लागली, पण त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागला आणि कामगिरी सुधारली नाही.

शर्यतीआधीचे दोन दिवस वजनाच्या दर किलोमागे रोज 10 ते 12 ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. 60 किलोला 600 ग्रॅमच्या वर. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात जेमतेम 28 ग्रॅम असतात, तेव्हा रात्री दोन वाट्या जास्त खाऊन भागत नाही. भात, पोहे, बटाटा, केळी, गूळ वाढवा. तेल, उसळी, कोशिंबिरी कमी करा. वजन किलो-दीड किलो वाढेल; ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी साठतं, त्याची धास्ती नको.

धावताना तासाला 30 ते 60 ग्रॅम साखर, तीही पहिल्या अर्ध्या तासापासून. आतडं ग्लुकोज तासाला साधारण 60 ग्रॅमच शोषतं. फ्रुक्टोजची वाट वेगळी, म्हणून दोन्हींच्या मिश्रणाने 90 पर्यंत जाता येतं. प्रमाणित ओआरएसच्या लिटरमध्ये ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम असतं. ते इंधन नव्हे. वाटेतल्या पाण्याच्या दर टेबलावर तहान नसताना पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपण दिसलं तर आणखी पाणी पाजणं जिवावर बेतू शकतं.

आणि एनर्जी जेल, म्हणजे साखरेच्या घट्ट पाकाची पुडी, पहिल्यांदा शर्यतीतच फोडू नये. धावताना रक्त पायांकडे वळतं, पोट मंदावतं. रविवारच्या लांब धावेत काही आठवडे तेच जेल, तेवढ्याच अंतराने घ्यावं, आणि साध्या पाण्याबरोबर. गोड स्पोर्ट्स ड्रिंकसोबत घेतलं तर पोटात कळा येऊ शकतात.